दर्भाच्या पुतळ्याचं माप

मानववंशशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी अलिबागजवळच्या थळला माणसांची डोकी मोजायला गेलो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. कोळ्यांची उंची, खांद्यांची रुंदी, हातांची लांबी, डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची ठेवण नोंदवायची आणि त्यावरून हे लोक कुठल्या वंशाचे ते ठरवायचं, असं माझ्या प्राध्यापकांनी आखून दिलं होतं. माझाही त्यावर विश्वास होता.

एका विधवा कोळणीच्या पडवीत मला जागा मिळाली. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला मास्तर. पहिले आठ दिवस कुणी मोजून घेईना. डोकं मोजायचा माझा लोखंडी चिमटा कानशिलांना लागला की आयुष्य घटतं, असं बोललं जाई. शेवटी मावशीचा एकुलता एक मुलगाच पुढे झाला. विशीतला, दर्यावर जाणारा, थट्टेखोर. भिंतीला टेकून ताठ उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "मोज रं मास्तर, माझ्या डोक्यात काय हाय ते आयेला एकदा कलू दे." हशा पिकला. मग सगळेच आले.

दसऱ्यानंतर अवचित वादळ झालं. मावशीच्या मुलाच्या मचव्यावरचे दोघे काशीदच्या किनाऱ्याला जिवंत लागले. तो लागला नाही.

पंधरा दिवस वाट पाहून भावकीनं अलिबागेहून भटजी बोलावले. प्रेत नव्हतं, म्हणून दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा होता. भटजी अंगणात हातभर पुतळा बांधू लागले, तशी इतके दिवस मुकी बसलेली मावशी उठली.

"माझा पोर हातभर व्हता काय?"

"बाई, शास्त्राला एवढा चालतो."

ती माझ्याकडे वळली. "मास्तर, तुझ्या वहीत हाय ना तो?"

मी वही आणली. उंची वाचून दाखवली, पण सेंटिमीटर तिला काय कळणार? जाळ्याचं सूत टेपानं मोजून तोडून दिलं. तिनं एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं हात उंचावून डोक्यावर धरलं आणि त्या टोकाकडे मान वर करून बघत राहिली.

"व्हय. एवढाच."

मग खांद्यांची रुंदी विचारली, हातांची लांबी विचारली. भटजींनी आणखी दर्भ मागवला.

मी निघालो त्या दिवशी ती दारापर्यंत आली. "लोक म्हनतात, तुझ्या चिमट्यानं गेला. मी न्हाय म्हनत." थोडं थांबून म्हणाली, "पन मनात येतं."



पुण्याला प्राध्यापकांनी विचारलं, "या एका माणसाची मापं का गाळलीस?"

"सर, ती सरासरीत धरवत नाहीत."

"मग हा विषय तुझा नव्हे," ते म्हणाले. रागावून नव्हे, आणि त्यांचं चुकलंही नव्हतं. मी मापं सोडली, दुसऱ्या मार्गदर्शकांकडे मृत्यूच्या चालीरीतींवर काम केलं. पीएच.डी. चार वर्षं लांबली. प्रबंधात इतर गावांतले कितीतरी विधी आले. मावशीच्या अंगणातला तो दिवस मी लिहिला नाही.

नोकरी लागल्यावर कधीतरी थळला गेलो. मावशीच्या दाराला कडी होती. ती आदल्या वर्षीच गेल्याचं शेजारणीनं सांगितलं.

"तुमाला कलवायचं व्हतं. पन पत्ता कुनाकडं हाय?"

इतक्या वर्षांत मी तिला एक कार्डही टाकलं नव्हतं.