सावरलेली रेषा

गुडघे वाकेनासे झाल्यापासून देवापुढचे अष्टदल कमळ मी संगणकावर रेखाटतो आणि छापलेला कागद चौरंगावर मांडतो. संगणकाबरोबर आलेल्या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये माझी रेषा वेडीवाकडी उमटे. दोष त्या साध्या प्रोग्रामचा, असे मी श्रद्धेने मानत आलो होतो. काल माझ्या नातीने, मुक्ताने, त्याच्या जागी दुसरा, अधिक चांगला बसवला.

"आबा, आता काढा तुमचं कमळ."

पाकळी उमटली ती शंखाच्या कडेसारखी निर्दोष. मी मनोमन नमस्कार केला. तेवढ्यात माउसवरच्या हाताकडे लक्ष गेले. तो थरथरत होता.

"रेषा सरळ कोण करतं गं?"

"हा प्रोग्रामच. हात हलला तरी सावरून घेतो. नको असेल तर ते बंद करता येतं."

"कर बंद."

तिने तसे केले. पुन्हा काढलेली पाकळी पूर्वीसारखीच वाकडी आली. साधन निर्दोष ठरले की दोषाला देहावाचून दुसरे घर उरत नाही.

मुक्ताने खणातले जुने कागद काढून महिन्यांच्या क्रमाने मांडले. चैत्रातली पाकळी बरीच सरळ होती, आषाढातली कमी, आश्विनातली त्याहून कमी. तिचे हसू मावळले.

"आबा, उद्याच डॉक्टरांकडे जाऊ."

मी मान डोलावली. मन मात्र येत्या माघातल्या कमळापाशी पोहोचले होते, आणि तिथे एकही पाकळी ओळखू येत नव्हती.