लेडी ऑगस्टाच्या चार लेकी आणि लतिका निकम

लतिका निकमला वाईट अक्षर वाचता यायचं. एवढ्या एका गुणावर तिला जर्मनीत नोकरी लागली आणि दोन वर्षांनी त्याच गुणापायी ती नोकरी गेलीसुद्धा.

गुण बापाकडचा. बाप विट्याकडं तलाठी. रविवारी दप्तर घरी आणायचा, सोप्यात पसरायचा, आणि आधीच्या तलाठ्यांनी कोंबडी नाचल्यासारखं जे काही उमटवून ठेवलेलं असायचं ते लेकीकडून वाचून घ्यायचा. सात वर्षांची असल्यापासून लतिकानं वारसनोंदी वाचल्या. कोण कधी मेलं, मागं कोण कोण राहिलं. वारस सांगायला आलेली माणसं मुलगे नावानिशी सांगायची आणि मुलींपाशी आलं की "आन् तीन पोरी हैत" म्हणून गप्प व्हायची. बाप पेनाला टोपण लावून बसून राहायचा. "मेल्याला जेवढी पोरं तेवढी नावं. एक जरी सुटलं तरी माझ्याच्यानं नोंद हुयाची न्हाई." माणसं चिडायची, शिव्या द्यायची, शेवटी नावं सांगायची. हे सगळं पोरगी उंबऱ्यात बसून ऐकत असायची.

पुढं कोल्हापुरात इंग्रजी घेऊन एम. ए. झाली, मल्हार निकमशी लग्न झालं आणि जर्मनीत झिंडेलफिंगेनला आली. मल्हार मोटारीच्या कारखान्यात पत्र्याच्या साच्यांचं डिझाईन करायचा. शांत माणूस. इतका शांत, की बायको आणि बाप एकमेकांवर तुटून पडले की हा डिशवॉशर रिकामा करायला उठायचा.

मुलीच्या, शिवांगीच्या बाळंतपणात लतिका मरता मरता वाचली. आता दुसरं मूल नको, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. मल्हारनं ते फोनवर वडलांच्या कानावर घातलं. पलूसच्या पलीकडच्या गावातून जयंतराव निकम एवढंच म्हणाले, "जर्मन डाक्टर म्हंजे काय बरमदेव हाय व्हय?" त्या दिवशी सासऱ्या-सुनेत जे लागलं ते अकरा वर्षं धगधगत होतं. दर दोन वर्षांनी जयंतराव उन्हाळ्यात तीन महिने राहायला यायचे, तेव्हा त्याचा जाळ व्हायचा.

दोन हजार सतराच्या जूनमध्ये ते आले, तेव्हा लतिकाची नोकरी चालू होती. लिओनबेर्गच्या पुढं एका खेड्यात जुन्या सरदार घराण्याचा वाडवडिलार्जित बंगला होता. फॉन हाल्डेनएक हे त्या घराण्याचं नाव. घरात उरलेली एकटी म्हातारी आणि तळघरात पत्रांच्या अठ्ठावीस पेट्या. घराण्यात सतराशे अडुसष्ट साली एक इंग्रज बाई सून म्हणून आली होती, एका अर्लची लेक, लेडी ऑगस्टा. तिनं बहिणीला लिहिलेली, बहिणीच्या मागं परत आलेली पत्रं त्या पेट्यांत होती. अक्षर असं, की दोन जर्मन पोरं हात टेकून निघून गेलेली. लतिकानं पहिलं पत्र हातात घेतलं आणि तलाठ्याच्या दप्तरासारखं घडाघडा वाचलं.

म्हातारीला त्या इंग्रज बाईचा भारी अभिमान. जिन्यात तिचं तैलचित्र. आल्यागेल्याला चित्राखाली उभं करून ती आपलं नाक दाखवायची. "बघा. तेच नाक. सात पिढ्या." पुढच्या वर्षी लेडी ऑगस्टाच्या लग्नाला अडीचशे वर्षं होणार होती. त्यासाठी नवा वंशवृक्ष छापायचा होता. जुना होता त्यात लेडी ऑगस्टाच्या नावाखाली लिहिलेलं होतं: मुलगा कार्ल, आणि चार मुली.

चार मुली. नावं नाहीत. लतिकाचं डोकं तिथंच फिरलं.

मे महिन्यात तिला सगळ्या सापडल्या. फॅनी, लुईझा, हॅरिएट आणि सोफाया. एकीला देवी आल्या होत्या, एक दिसायला बापावर गेली म्हणून आईला वाईट वाटायचं, धाकटी घोड्यावरून पडली होती. पत्रापत्रात त्याच. पाचव्या बाळंतपणाचा मात्र कुठं उल्लेख नाही. आणि जूनमध्ये एकविसाव्या पेटीत ते पत्र सापडलं. नवऱ्यानं माझ्या मांडीवर आपल्या भावाचा पोरगा आणून बसवला, अशा अर्थाचं बाई बहिणीला लिहीत होती. मला मुलगा होईना म्हणून. कागदावर तो माझा झाला, माझ्या पोरी मात्र माझ्याच घरात पाहुण्या झाल्या. तो कार्ल. म्हातारी होती कार्लच्या वंशातली. म्हणजे इंग्रज बाईच्या रक्ताचा तिच्यात थेंब नव्हता, आणि नाकाचा तर प्रश्नच मिटला.

शहाण्या बाईनं पत्र परत पेटीत घातलं असतं. निदान म्हातारीला आधी विचारलं असतं. लतिकाच्या अंगात बाप आला. तिनं नव्या वंशवृक्षावर चारही मुली नावानिशी लिहिल्या, जन्मसालं घातली, आणि कार्लच्या पुढं लिहिलं: दिराचा मुलगा, दत्तक. खाली पेटीचा नंबर टाकला आणि कागद म्हातारीच्या टेबलावर ठेवून ती एस-बानची लोकल गाठायला गेली.

बुधवारी म्हातारीनं तिला दारातच उभं धरलं.

"तुम्हाला वाचायला ठेवलं होतं, फ्राउ निकम. चौकशी करायला नाही."

"पत्रात आहे ते लिहिलं. पत्र तुमच्याच पेटीतलं आहे."

"कुठल्या कोण तुम्ही, आमच्या घरात येऊन आमचा वंश कुठून सुरू होतो ते आम्हाला सांगणार?"

"तुमचा कार्लपासून सुरू होतो. त्या बाईचा तिच्या मुलींबरोबर गेला. मुलींची नावं तरी छापा."

"किल्ली ठेवा," म्हातारी म्हणाली. "आणि परत येऊ नका."

लतिका दुपारी एकलाच घरी आली. जयंतराव बाल्कनीत चहा घेत बसले होते. इमारतीतला जिना झाडायची पाळी त्या आठवड्यात निकमांची होती. तशी पाटी दाराला लटकली होती. ती पाटी पाहिल्यापासून ते खूश होते. "साता समुद्रापल्याड येऊन झाडूच," असं रोज एकदा म्हणायचे.

"आज लौकर सुटली साळा?" त्यांनी विचारलं.

लपवून उपयोग नव्हता. लतिकानं झालं ते सांगितलं, दत्तकासकट सगळं. जयंतरावांनी बशी खाली ठेवली आणि पोट धरून हसले.

"म्हंजे दुसऱ्याचा वंश नासवाया गेली व्हतीस की गं. आपल्या घरचा पुरा झाला न्हाई वाटतं."

"मामा, तोंड सांभाळून बोला."

"सांभाळूनच बोलतुया. शानी मानसं हुती ती. इस्टेटीवर, नावावर मानूस लागतुया. न्हाई झाला, आनला भावाचा. त्यात त्या बाईचं काय गेलं? फुकट पोरगा मिळाला!"

"तिच्या पोरींची नावं गेली."

"पोरींची नावं काय, लगीन झालं की जात्यातच," असं म्हणून जयंतराव परत चहाला लागले. पण हसता हसता त्यांचा चेहरा जरा विचारी झाला. लतिकाच्या ते ध्यानात आलं, अर्थ मात्र शुक्रवारी कळला.

निकमांच्या गावाला हेळवी येतो. पाच-सहा वर्षांतून एकदा येतो आणि दारात बसून घराण्याची वंशावळ म्हणतो. मूळ पुरुष कोण, कुठल्या गावाहून आला, त्याला कोण झाले, त्यांना कोण झाले. मग वही काढून मागच्या फेरीनंतर जन्मलेले मुलगे लिहून घेतो. धान्य घेतो, कापड घेतो आणि वही गाठोड्यात बांधून पुढच्या गावाला जातो. वही कुणाला बघायला देत नाही. पूर्वी बैलावरून यायचा, आता मोटरसायकलवरून येतो. त्या शनिवारी बसप्पा हेळवी येणार होता. फोनमध्ये चित्र दिसतं म्हटल्यावर जयंतरावांनी झिंडेलफिंगेनमधून हजर राहायचं ठरवलं होतं.

शुक्रवारी ते बाल्कनीत पुतण्याशी, संपतशी, फोनवर बोलत होते. कान अधू, त्यामुळं आवाज खणखणीत. लतिका आत कणीक मळत होती.

"मल्हारच्या नावाखाली राजस लिवायचा. तुझा धाकटा. अरं कागुद न्हाई, कोर्ट न्हाई, पोरगं तुझ्याच घरात ऱ्हाईल. निस्ती हेळव्याची वही. माझी वळ तेवढी बुडाया नको. ... मीनलला इतक्यात काय बोलू नगंस. बायकास्नी काय कळतंय त्यातलं."

लतिकाचे हात कणकेत तसेच राहिले. हिकमत तिनंच आयती ताटात वाढली होती, बुधवारी.

संध्याकाळी मल्हार आला. तिनं त्याला स्वयंपाकघरात कोंडलं. "अहो, उद्या हेळव्याला सांगायचं. मल्हार जयंतराव, त्याला मुलगी शिवांगी. तुमची ओळ आहे, तुम्ही सांगायचं. दुसऱ्याचं पोर माझ्या पोरीच्या जागी लिहिलेलं मी चालू देणार नाही."

"लते, अगं तिकडच्या कुठल्या वहीत..."

"मग सांगायला काय जातंय?"

"आल्झो... म्हणजे, आबा म्हातारे झालेत. बघू." आणि त्यानं डिशवॉशर उघडला.

बघू म्हणजे काय ते लतिकाला चौदा वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. तिनं फोन उचलला आणि संपतच्या बायकोला, मीनलला लावला. जावाजावांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. नणंदेच्या लग्नात मीनलनं लतिकाला भर मांडवात 'एका पोरीवर बसलेली' म्हटलं होतं. लतिका ते विसरली नव्हती आणि विसरायचा तिचा विचारही नव्हता.

"मीनल, तुझा राजस आम्हाला दिल्याबद्दल तुझे आभार मानायला फोन केला."

"काय बोलताय ताई?"

"तुला माहीत नाही? उद्या हेळव्याच्या वहीत तो आमचा मुलगा होतोय. तुझ्या नवऱ्यानं शब्द दिलाय मामांना."

पलीकडं भांडं आपटल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. लतिकाला फार बरं वाटलं. अर्धं बरं शिवांगीसाठी, अर्धं त्या मांडवासाठी.

शनिवारी सकाळी आठला, गावाकडं साडेअकरा वाजता, टेबलावर फोन उभा करून जयंतराव धुवट टोपी घालून बसले. शेजारी मल्हार. लतिका ओट्याला टेकून उभी. शिवांगी हँडबॉलची पिशवी खांद्याला लावून ब्रेड खात होती. फोनमध्ये गावचं अंगण, बसप्पाचा फेटा आणि मांडीवरची वही.

बसप्पानं मूळ पुरुषापासून खडा आवाज लावला. बारा पिढ्यांचे बाप्ये एका दमात म्हटले. एकही बाई नाही. जणू सगळे एकमेकांच्या पाठीतून निघाले होते. जयंतरावांपर्यंत आला. "जयंतरावास्नी मल्हारराव. मल्हाररावास्नी?"

"राजस," जयंतराव म्हणाले. "लिव. राजस मल्हार."

"कोन म्हनतंय?" मीनल परातीसकट फोनमध्ये घुसली. परात हेळव्याला द्यायच्या ज्वारीची होती. "थोरलं मामा, माझ्या पोराला हात लावायचा न्हाई सांगून ठिवते. नऊ म्हैनं मी वाढवला आन् वळ तुमची चालवायची? वही फाडून टाकीन!"

"संपत, आवर तिला!"

"त्यो काय आवरतुया मला! बसप्पा, राजस संपत लिव, न्हाईतर ही परात आत न्हेते."

बसप्पानं परातीकडं बघितलं. "राजस संपतरावाचाच, तायी. मागल्या फेरीलाच लिवल्याला हाय. आता मल्हाररावाचं काय ते त्येंनीच सांगावं. ज्येची वळ त्येनं बोलावं."

सगळ्यांनी मल्हारकडं बघितलं. मल्हारनं बापाकडं बघितलं, मग बायकोकडं. "आल्झो..." म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

लतिकानं टेबलावरचा फोन ओढला, शिवांगीच्या तोंडासमोर धरला. "सांग नाव. पूर्ण."

"आई, वास सोल डास?" हे काय आता, असं पोरीनं जर्मनमध्ये विचारलं.

"नाव सांग म्हणते ना! मराठीत."

पोरीनं तोंडातला घास गिळला. सकाळपासूनचं सगळं तिनं ऐकलं होतं, कळलंही होतं. आजोबांकडं न बघता, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "शिवांगी मल्हार निकम. मी त्यांची मुलगी आहे. एकच."

"पोरीचं नाव आमी लिवत न्हाई, बाय," बसप्पा हसला.

"लिवू बी नगंस!" जयंतराव ओरडले. "मोकळं सोड!"

"लिहा," लतिका म्हणाली. "धान्य मीनलच्या घरचं, कापड मी पाठवते. नाव लिहा."

"हां हां, लिवलं, लिवलं, भांडू नगासा," असा बसप्पाचा आवाज आला. तेवढ्यात फोन कुणाच्या तरी हातातून फिरला आणि अंगणाऐवजी नुसतं पत्र्याचं छत दिसायला लागलं. मग तेही गेलं. परत लावला, लागला नाही.

शिवांगीनं पिशवी सावरली. त्या वहीत माझं नाव कशाला पाहिजे, मला कुणी विचारलं होतं का, असं जर्मनमध्ये आईला सुनावून ती खेळायला गेली. तिला सोडायला म्हणून मल्हारही सुटला. जिन्यात दोघांची पावलं वाजली आणि खालचं दार लागलं.

टेबलाशी सासरा-सून राहिली. जयंतरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"न्हाई लिवलं त्येनं. परात मिळावी म्हनून म्हनला. मी वळकतो बसप्पाला."

"लिहिलंय."

"बघितलंस व्हय तू?"

"तुम्ही तरी बघितलंत का?"

वही आता गाठोड्यात गेली होती आणि गाठोडं मोटरसायकलला.

"फुडल्या फेरीला म्हनंल की त्यो," जयंतराव अखेर म्हणाले. "दारात बसून, सगळ्या गावाम्होरं. तवा कळंल कोन खरं ते."

"पुढची फेरी सहा वर्षांनी, मामा. तुम्हाला आत्ता शहात्तर चालू आहे."

"आन् मी नसलो तर?"

"मी असंन," लतिका म्हणाली, आणि त्यांच्यासमोरची रिकामी बशी उचलून घेऊन गेली.