काकांची पहिली ओळ

आमच्या घरात कोणी काही विसरलं की काकांचं नाव निघायचं. दूध उतू गेलं, छत्री बसमध्ये राहिली, की कोणीतरी म्हणणारच, "तूही काकांसारखा झालास अल्वा?" अल्वा म्हणजे कन्नडमधलं 'नाही का'. मग सगळे हसायचे. काकाही हसायचे. मी तेवढी हसायची नाही, आणि का हसत नाही हे सांगायची छाती मला बरीच वर्षं झाली नाही. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

आम्ही म्हैसूरचे रंगारी. पूर्वज इकडे कधी आले ते घरात कोणालाच नीट ठाऊक नाही, पण मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात कापड रंगवायचे हंडे आणि लाकडी ठसे मी लहानपणी पाहिले आहेत. तोवर धंदा संपला होता. मिलच्या छापील कापडापुढे आमच्या हंड्यांचा काय पाड लागणार? माझे वडील आधीच शाळेत मास्तर झाले होते. धाकटे काका मात्र चाळिशीपर्यंत हात रंगवत राहिले, आणि शेवटची चूल विझल्यावर टायपिंगच्या क्लासात जाऊन बसले, पोराटोरांच्या रांगेत. नखांतली नीळ अजून गेली नव्हती, असं काकू सांगायची.

टायपिंगमुळे त्यांना एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एवढीच ती कंपनी. पुढे तिथे कॉम्प्युटर आले आणि शाळांच्या गुणपत्रिका तयार करणारे प्रोग्राम लिहिण्याचं काम सुरू झालं. प्रोग्राम लिहायला शिकलेली मुलं होती. त्यांनी लिहिलेलं कंपाइल करायचं काम काकांकडे आलं. म्हणजे काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, कंपायलर त्या लिखाणाचा चालणारा प्रोग्राम बनवतो, आणि काही चुकलं असेल तर पडद्यावर ओळी ओततो. त्या ओळी काका एकेक करून वाचायचे, वहीत उतरवायचे आणि ज्याची चूक त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. एकेका प्रोग्रामच्या वीस-पंचवीस फाइली असत. सकाळपासून दुपारच्या कॉफीपर्यंत ते मान वर करत नसत.

त्यांची एक रीत होती. कंपाइल करायच्या आधी ते जुना तयार प्रोग्राम पुसून टाकायचे. पुसून थांबायचे नाहीत, तो खरंच गेला का ते यंत्राला पुन्हा विचारायचे. 'फाइल सापडली नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ पडद्यावर आली की पुटपुटायचे, "पांढरं आलं." ऑफिसात हे कोणाला कळत नसे. मला काकूच्या सांगण्यावरून कळायचं. आमच्या अंगणात रोज संध्याकाळी हंडा ओतून, घासून पालथा घालत. सकाळी नवा रंग चढवण्याआधी पांढऱ्या फडक्यानं तो आतून पुसायचा. फडकं पांढरं निघालं तरच पुढचं काम. कालचा रंग तळाशी राहिला तर आजचं कापड बिघडतं, आणि ते वाळेपर्यंत कळतही नाही.

मी कॉम्प्युटरचा कोर्स केला तेव्हा काकांनीच माझ्यासाठी मालकांकडे शब्द टाकला. वडील नाखूश होते. एक वर्ष करू दे, जमलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वैशाखात लग्न, असं त्यांनी ठरवून टाकलं. मुलगा बघूनही ठेवला होता. त्या वर्षभरात माझ्याबद्दल एक वाकडा शब्द घरी गेला असता तरी माझं ऑफिस संपलं असतं. मी फार हुशार होते असं मला तेव्हा वाटायचं. खरं सांगायचं तर मी चटपटीत होते, आणि हुशारी आणि चटपटीतपणा यांत किती अंतर आहे हे कळायला मला काका खर्ची घालावे लागले.

त्या वर्षी काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, थांबा. काका पडद्याला नाक लावून हिरवी अक्षरं वाचायचे आणि डोळ्यांतलं पाणी धोतराच्या सोग्यानं टिपायचे. मला ते बघवत नसे. एका रविवारी मी ऑफिसची किल्ली मागून घेतली आणि एक स्क्रिप्ट लिहिली. एक कळ दाबली की ती सगळ्या फाइली ओळीनं कंपाइल करायची, कंपायलर जे बोलेल ते एका फाइलमध्ये साठवायची आणि त्यात 'एरर' हा शब्द शोधायची. सापडला तर थांबायची. नाही सापडला तर तयार प्रोग्राम फ्लॉपीवर उतरवायची आणि पडद्यावर रोमन अक्षरांत लिहायची, 'सगळं ठीक, काका.'

सोमवारी मी त्यांना ती दाखवली. अर्ध्या दिवसाचं काम एक कप कॉफी संपायच्या आत झालं. काका म्हणाले, "चोख आहे गो. पण जुनं कुठे पुसतेस?"

"पुसायला कशाला पाहिजे काका? नवं झालं की ते जुन्याच्या जागी आपोआप बसतं. आणि नवं नाहीच झालं, तर निदान जुनं हाताशी राहतं."

"तेच म्हणतो मी. नवं झालं नाही आणि जुनं तिथेच बसलं, तर तुला कळणार कसं?"

"एरर येईल ना. ती मी बघतेय की."

"आयतु," ते म्हणाले. म्हणजे बरं. "तरी एक ओळ घाल. माझ्यासाठी."

मी हो म्हटलं आणि घातली नाही. मला ती ओळ म्हाताऱ्याची सवय वाटली, देवाला हात जोडून दुकान उघडतात तशी. एका ओळीचं काम होतं. आज विचार करते तेव्हा स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

मालकांना स्क्रिप्ट भलतीच आवडली. आठवडाभरातच त्यांच्या लक्षात आलं की आता काकांना दिवसभर पुरेल असं काम उरलं नाही. माणूस वाईट नव्हता. त्यांनी काकांना गावोगावच्या शाळांत फ्लॉप्या पोचवायचं काम दिलं. ज्यांचे डोळे वाचावेत म्हणून मी हे केलं ते काका रोज सकाळी बसच्या पाट्या वाचत स्टँडवर उभे राहू लागले. त्यांनी एकदाही कुरकूर केली नाही, आणि मी मनाची समजूत घातली की त्यांना हवापालट बरा वाटत असेल.

सहामाही निकालाच्या दिवसांत सोसले गावाच्या पुढच्या एका शाळेची तक्रार आली होती. आमच्या प्रोग्राममध्ये तोंडी परीक्षेचे गुण बेरजेत धरले जात नव्हते. ती चूक दुरुस्त झाली, संध्याकाळी मी स्क्रिप्ट चालवली, 'सगळं ठीक, काका' आलं, आणि फ्लॉपी काकांच्या पिशवीत घालून मी घरी गेले. सकाळच्या बसनं ते निघाले.

दुपारी त्यांचा टेलिफोन बूथवरून फोन आला. निकाल फळ्यावर लागला होता आणि तोंडी परीक्षेचे गुण पुन्हा गळले होते. पास झालेली कितीतरी मुलं नापास दिसत होती. एक मुलगी दप्तर तिथेच टाकून रडत घरी गेली होती. तिचा बाप आणि आणखी चारपाचजण हेडमास्तरांच्या खोलीत होते, आणि मधोमध काका उभे होते. ते एवढंच म्हणाले, "फाइलीची तारीख बघ गो."

मी बघितली. प्रोग्राम मागच्या महिन्यातला होता. हार्ड डिस्क भरली होती. जागा नाही एवढंच सांगून कंपायलर गप्प बसला होता, आणि त्या ओळीत 'एरर' हा शब्द नव्हता. माझी स्क्रिप्ट तोच एक शब्द शोधत होती. तिला तो सापडला नाही, म्हणून तिनं जुना प्रोग्राम उचलून फ्लॉपीवर घातला आणि काकांना सगळं ठीक आहे असं कळवलं. मी जागा मोकळी केली, दुरुस्त प्रोग्राम तयार केला, ऑफिसातल्या एका मुलानं फ्लॉपी घेऊन बस पकडली. संध्याकाळपर्यंत बरोबर निकाल लागला. त्या मुलीला दप्तर परत मिळालं का, हे मी विचारलं नाही.

काका सहा वाजता परत आले. सदरा घामानं पाठीला चिकटला होता. मालकांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका कन्नडमध्ये म्हणाले, "माझी चूक झाली सर. सकाळी निघायच्या आधी मी ते हातानं पुन्हा केलं. सवय जात नाही. आणि जुनं पुसायचं विसरलो. पोरीची फ्लॉपी बरोबर होती, ती मी बिघडवली."

"तुम्ही विसरलात?" मालकांनी विचारलं. काकांनी मान हलवली. मालकांनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी सौम्यपणे सांगितलं की आता वय झालं, डोळे सांभाळा, उद्यापासून विश्रांती घ्या. मी तिथेच उभी होते. मी एक शब्द बोलले नाही. जीभ टाळूला चिकटली होती असं मी पुढे स्वतःला सांगत आले, पण ते खोटं आहे. मला बोलता येत होतं. मला वैशाख दिसत होता.

घरी जाताना मी रस्त्यात रडायला लागले. काकांनी मला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं.

"उद्या मी सरांना सांगते," मी म्हटलं.

"बेड. नको. तुझं वर्ष पुरं व्हायला चार महिने आहेत. तुझा बाप वाट बघतोय नुसती. माझं काय, डोळे तसेही गेलेच."

"पण तुम्ही विसरला नव्हतात. तुम्ही कधीच विसरत नाही."

"ते मला ठाऊक आहे ना? मग साकु." म्हणजे पुरे. उठता उठता म्हणाले, "ती ओळ मात्र घाल उद्या."

मी घातली. स्क्रिप्टची पहिली ओळ तीच केली, आणि एका शब्दावर विसंबणंही सोडलं. माझं वर्ष पुरं झालं, वैशाख गेला, मी नोकरीत राहिले. वडिलांच्या कानावर खरं जाऊ नये म्हणून काकांनी घरीही तेच सांगितलं होतं: विसरलो. रंगाऱ्याच्या घरात हंडा न धुणारा माणूस म्हणजे काय, हे काकूला कोणी समजावून सांगायला नको होतं. तिला धसकाच बसला. ज्या माणसाचं आयुष्यात कधी हे चुकलं नाही त्याचं चुकलं, म्हणजे डोक्यातच काहीतरी बिघडलं, असं तिनं धरलं. तिनं आधी किल्ल्या काढून घेतल्या. मग एकट्यानं बाजारात जाणं बंद केलं. मग काडेपेटी.

डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि काकांना पुन्हा लख्ख दिसू लागलं. त्यांनी अंगणातली चूल सारवली, माळ्यावरचा एक लहान हंडा काढला. नातवंडांना दोन रुमाल रंगवून देतो म्हणाले. काकू म्हणाली, "सुम्ने, गप्प बसा. चूल तशीच ठेवून उठलात तर घर पेटेल." तिनं काडेपेटी कमरेला खोचली आणि हंडा पुन्हा माळ्यावर गेला. ते भांडले नाहीत. एक वाक्य बोलून त्यांना सुटता आलं असतं, पण ते वाक्य माझं होतं, आणि मी प्रत्येक सणाला तिथे जाऊन पुरणपोळी खाऊन परत येत होते. लग्नही माझं माझ्या मर्जीनं झालं होतं, वडीलही गेले होते. मला कशाची भीती उरली होती? कशाचीच नाही. फक्त उशीर झाला होता आणि रोज आणखी होत होता.

पुढे पुढे ते खरंच विसरू लागले. रोज कोणी विसरभोळा म्हणून वागवलं की माणूस विसरभोळा होतो की ते वयानंच होतं, मला माहीत नाही. मी गेले की ओळखायचे मात्र. "पांढरं आलं?" एवढंच विचारायचे. मी म्हणायची, "आलं काका."

ते गेले. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि मी काकूजवळ स्वयंपाकघरात बसले. ती तांदूळ निवडत होती. "बिचारे," ती म्हणाली, "त्या ऑफिसातल्या दिवसापासूनच डोकं कामातून गेलं बघ." तेव्हा मी सगळं सांगितलं. स्क्रिप्ट, ती ओळ, भरलेली डिस्क, दुकानाची पायरी. तिला कंपायलर काय ते ठाऊक नव्हतं, पण हंडा ठाऊक होता. तिला सगळं कळलं.

तिनं सूप खाली ठेवलं. कमरेची काडेपेटी काढून हातात घेतली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग अकरा वर्षं मी ही त्यांच्या हातून काढून घेत होते, ती कशासाठी गो?"