हळदीच्या ढोलातली भूत-मावशी

आमच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की ते वाचकाच्या हातात पडण्याआधी बाइंडरकडे जायचं. हा नियम वाचनालयाच्या अध्यक्षांचा. ते निवृत्त शिक्षक होते, सगळं वसमत त्यांना गुरुजी म्हणायचं. पुस्तक फाटल्यावर शिवण्यापेक्षा आधीच शिवून घ्यावं असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटायचं. मी ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. दुकानांच्या पाट्यांवर अजून 'जि. परभणी'च होतं. मला सगळं जागच्या जागी लागतं, म्हणून रुजू होताच मी तीन कामं ठरवली: कपाटांना क्रमांक देणं, हरवलेल्या कार्डांच्या जागी नवी कार्डं करणं आणि बालविभाग सुरू करणं. पहिली दोन झाली. तिसरंही झालं, फक्त तिथं कुणी आलं नाही.

बालविभाग म्हणजे काचेच्या दाराचं एक कपाट. त्यात मी मुद्दाम भुताच्या कादंबऱ्या मागवल्या होत्या. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठीच्या, पातळ, भीतीच्या आणि तितक्याच वात्रट. एकीत वसतिगृहाचा स्वयंपाकी केव्हाच वारलेला असतो, पण भाजीच्या चवीत फरक न पडल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरीत कवायतीच्या मास्तरांचं मुंडकं जेवणाच्या डब्यात असतं, आणि मधल्या सुट्टीत झाकण उघडून ते पोरांवर ओरडतं. मी सगळ्या आधी स्वतः वाचल्या. पोळ्या लाटताना आठवून हसू यायचं आणि सासूबाई विचारायच्या, "काय झालं गं?" डब्यातलं मुंडकं त्यांना कसं सांगणार? "काही नाही," म्हणायचे.

मग त्या कादंबऱ्या बाइंडरकडे गेल्या. बाइंडर म्हणजे मोंढ्याच्या, आमच्या धान्यबाजाराच्या, रस्त्यावर दुकान असलेले चाचा. त्यांचं काम पक्कं. पुस्तकाचं रंगीत वेष्टन आत शिवायचं, वर जाड पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तपकिरी कागद, पाठीला काळं कापड. पाठीवर नाव पांढऱ्या शाईनं मी लिहायची. डबा हातात धरून उभे असलेले मास्तर पुठ्ठ्याच्या आत गेले आणि बाहेरून ते पुस्तक तलाठ्याच्या दप्तरासारखं दिसू लागलं. सगळीच तशी दिसू लागली. पोरं काचेतून बघायची आणि निघून जायची.

हिवाळा संपता संपता गुरुजींनी मला बोलावलं. वर्तमानपत्रं वाचायला येणाऱ्यांना बसायला जागा पुरत नव्हती.

"ताई, कपाट चांगलं आहे. पण पुस्तकं घरी जात नाहीत," ते म्हणाले. "उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बघू. नाही गेली, तर कपाट मागच्या खोलीत आणि इथं पेपरचं टेबल."

मागची खोली मला माहीत होती. तिथं गेलेली वस्तू पुन्हा कुणी पाहिलेली नव्हती.

शनिवारी सकाळची शाळा असायची, म्हणून मी शनिवारी दुपारी वाचून दाखवायचं ठरवलं. पहिल्याच शनिवारी बुद्धविहारामागच्या वस्तीतल्या तीन पोरी आल्या. त्यांची पुढारी सहावीतली होती. तिचे आईवडील हंगामात हळदीच्या कामाला जायचे आणि ती कानामागे पेन्सिल खोचून फिरायची. त्यांच्यामागून आणखी पोरं आली. मी समुद्रकाठच्या बंगल्यातल्या भुताची कादंबरी काढली. त्यात एका म्हाताऱ्या मावशीचं भूत आपला हरवलेला खालचा जबडा वाळूत शोधत फिरतं आणि जो भेटेल त्याच्या तोंडात बोट घालून "हा माझा तर नव्हे?" म्हणून बघतं.

दोन पानं झाली. पेन्सिलवालीनं हात वर केला.

"बाई, समुद्र कुठंशी हाय?"

"मुंबईकडे."

"मंग ती इथं काहून येईल?"

दुसरी म्हणाली, "एस्टीनं येईल की."

"एवढ्या लांबून? अन् जबडा नसल्यावर कंडक्टरला गाव काय सांगंल?"

सगळी पोरं हसली आणि भीती तिथंच संपली. भूत लांबच्या गावचं असलं की त्याचा उपयोग नसतो, हे माझ्या लक्षात आलं. मी पुस्तकात डोळे घालून वाचत राहिले, पण बंगल्याच्या जागी आमच्या रस्त्यावरचं बंद पडलेलं कापसाचं जिनिंग आणलं. वाळूच्या जागी कापसाचा ढीग. पोरं पुढं सरकली. ते जिनिंग त्यांच्या शाळेच्या वाटेवर होतं.

सुरुवातीला मी फक्त जागा बदलत होते. पण मावशी एकदा वसमतला आल्यावर ऐकेना. कापसात लपली तर तिला शिंका येऊ लागल्या, आणि जबडा नसल्यामुळे शिंक भलतीकडूनच निघायची. एका शनिवारी ती हळद पॉलिश करायच्या लोखंडी ढोलात पडली. बाहेर आली तर डोक्यापासून पायापर्यंत पिवळीधमक. आता लोक आपल्याला घाबरतील म्हणून ती मोंढ्यात फिरली, पण हळदीच्या हंगामात वसमतला पिवळ्या माणसाला कोण घाबरतो? एकानं तिच्याच डोक्यावर पोतं दिलं. पेन्सिलवाली हसून हसून भिंतीला टेकली. तिचे वडील त्या दिवसांत घरी यायचे ते याच रंगात.

पुस्तक आणि मी तोवर वेगवेगळ्या वाटांना लागलो होतो. जबडा सापडतो तिथं पुन्हा पुस्तकाला येऊन मिळायचं, असा माझा बेत होता. पण पुढच्या शनिवारी मावशी जबडा शोधायला पुन्हा ढोलात उतरली, चौकीदारानं बटनाकडे हात नेला, आणि नेमके गुरुजींकडे कुणी पाहुणे आले. मला उठावं लागलं.

परत येऊन बघते तर पेन्सिलवाली देवघेवीच्या टेबलापाशी पुस्तक छातीशी धरून उभी.

"हे घरी नेऊ का?"

बालविभागातून घरी जाणारं ते पहिलं पुस्तक. मी इतक्या आनंदात कार्ड केलं की त्या पुस्तकात ढोलच नाही हे मला सुचलंच नाही. सुचलं ते घरी, भाजी निवडताना.

सोमवारी त्या तिघी मिळून आल्या. पुस्तक टेबलावर ठेवलं.

"बाई, ह्याच्यात ढोल न्हाई."

"जिनिंग बी न्हाई," दुसरी म्हणाली. "नुसता समुद्रच हाय."

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिसरीनं निकाल दिला. "चाचानं पानं बदलली."

"व्हय," पेन्सिलवाली म्हणाली. "ह्याची पानं दुसऱ्यात शिवली असतील. सगळी एकासारखीच तर दिसतेत."

हे अगदीच हवेतलं नव्हतं. एकदा चाचांनी पंचांगाची काही पानं पाककृतीच्या पुस्तकात शिवली होती, आणि एक बाई मला विचारायला आल्या होत्या की अमावास्येला शंकरपाळे चालत नाहीत का. गावभर ती गोष्ट झाली होती.

"बाई, बाकीची द्या. आमी हुडकतो."

आणि त्यांनी कपाट उघडलं. इतके दिवस मी ते दार रोज पुसत होते, त्यावर पोरांच्या बोटांचा ठसा कधी उमटला नव्हता. आता तीन पोरींचे सहा हात आत होते. खरं सांगायचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं आणि कार्डं काढली.

पुढं जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं, पण मला फार आवडलं. ढोलाची पानं हुडकायची बातमी शाळेत गेली. चौथीतली आली, सातवीतली आली. ज्याला जे मिळेल ते तो न्यायचा, कारण पानं कशातही असू शकत होती. नुसतं चाळून भागत नव्हतं. चाचांनी मधूनच एखादं पान घातलं असेल तर? म्हणून पोरं ओळ न् ओळ वाचत होती. पेन्सिलवाली पायऱ्यांवर बसून वसतिगृहाच्या स्वयंपाक्याची कादंबरी वाचताना दिसली, एकटीच हसत होती.

"सापडलं का?" मी विचारलं.

"न्हाई. पण हा बाबा मेलाय अन् अजून वरणात पाणी घालून राहिलाय." तिनं मान वर केली नाही.

गुरुजी एक दिवस कपाटापाशी थांबले. तळाच्या फळीवर दोन पुस्तकं आडवी पडली होती, बाकी सगळं रिकामं.

"पुस्तकं कुठं गेली, ताई?"

"घरी."

"सगळी?"

"ही दोन संध्याकाळी जातील."

 त्यांनी खिशातून चष्मा काढला, रिकामं कपाट पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि पेपर वाचायला गेले.

मी खूश होते. पण त्याच आठवड्यात चाचा आले. हाताला खळ तशीच, चष्मा दोऱ्यानं गळ्यात. ते कधी दुकान सोडून येत नसत.

"बाई, काय तकलीफ झाली सांगा मला," ते उभ्यानंच म्हणाले. "लेकरं रोज दुकानात येऊन झडती घेऊन राहिली. काल एक पोरगं खळीच्या डब्यात बघत होतं. गिऱ्हाईक विचारतंय, चाचा, काय चोरलं? पंचांगाचं झालं, कबूल. त्या दिवशी मला ताप होता. पण ही पुस्तकं मी बराबर शिवली. एक पान इकडचं तिकडं न्हाई."

"चाचा, तुमची काही चूक नाही. ती पानं मुळात नाहीतच. ते मी तोंडानं सांगत होते."

ते खुर्चीवर बसले. 

"मंग लेकरांना सांगा की."

"सांगते. शनिवारी, तुमच्यासमोर."

"अन् मंग ती पुस्तकं नेतील?"

 पोरं ढोलासाठी वाचत होती. ढोलच नाही म्हटल्यावर कपाट पुन्हा भरेल, भरलेलंच राहील आणि सुट्टी लागली की मागच्या खोलीत जाईल, असं मला स्पष्ट दिसत होतं. पण चाचांचं दुकान गावात रोज उघडायचं होतं. त्यात दुसरा विचार करण्यासारखं काही नव्हतं.

शनिवारी खोली भरली. चाचा दारापाशी स्टुलावर बसले. गुरुजी पेपर उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते. मी उभी राहिले आणि थोडक्यात सांगितलं. जिनिंग, कापूस, ढोल, चौकीदार, यातलं काही कुठल्याच पुस्तकात नाही. मी सांगताना बनवलं. चाचांनी सगळं बरोबर शिवलं आहे.

 मग पेन्सिलवाली उठली. हातातलं पुस्तक तिनं देवघेवीच्या टेबलावर ठेवलं. तिच्यामागून बाकीच्यांनी ठेवली. तपकिरी पुठ्ठ्यांचा ढीग वाढत गेला. मी कार्डं जुळवत होते, कारण हातांना काही काम हवं होतं.

"म्हंजी ते पुस्तकच न्हाई?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग ती अजून ढोलात हाय?"

"आहे."

"अन् चौकीदाराचा हात बटनावर."

"हो."

तिनं विचार केला. मग चाचांकडे वळली. "चाचा, आमचं चुकलं. खळीचा डबा मी न्हाई उघडला, ते ह्यानं." तिनं एका पोराकडे बोट केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमाला पुढचं म्हाईत हाय ना? मंग बसा की बाई." आणि ढिगातून मास्तरांच्या मुंडक्याची कादंबरी ओढून काढली. "हे माझं राहिलंय. तू काहून घेऊन बसली व्हती इतके दिवस," असं मैत्रिणीला सुनावून ती मांडी घालून खाली बसली. बाकीची पोरंही ढिगाभोवती जमली. ज्याचं जे वाचायचं राहिलं होतं त्यावरून ओढाताण सुरू झाली. मला कार्डं पुन्हा करावी लागली, सगळीच्या सगळी, आणि मी ती आनंदानं केली.

चाचा निघाले नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "सगळी एकासारखी दिसतेत म्हणून हे झालं. पुढच्या खेपेपासून चित्र वर चिकटवतो. बराबर?"

मी गुरुजींकडे बघितलं. त्यांनी पेपरमागून मान हलवली. कपाट जागेवरच राहिलं, आणि पेपरचं टेबल खिडकीपाशी बसलं.

"अन् मला बी घ्या त्या गोष्टीत," चाचा म्हणाले. "पण जिता घ्या, मेलेला नको."

म्हणून मी त्यांना घेतलं. चौकीदारानं बटन दाबलं. ढोल फिरला. मावशी बाहेर पडली तेव्हा चकचकीत झाली होती, पण पाठ उसवली होती आणि आतलं सगळं सुटून लोंबत होतं. ती तशीच मोंढ्याच्या रस्त्यानं एका दुकानाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. बाइंडरनं चष्मा लावला, वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, संध्याकाळी घेऊन जा.

पोरं हसून फुटली. एकटे चाचा गंभीर होते. ते स्टुलावरून पुढं वाकले.

"शिवली का नुसती डिंकानं चिकटवली?"

"शिवली, चाचा."

"मंग टिकंल," ते म्हणाले आणि दुकान उघडायला गेले.