भोपळ्याचा बंदोबस्त

भोपळा चोरीला जाऊ नये म्हणून मी त्याचा इतका चोख बंदोबस्त केला, की ऐन वेळी तो मलाही मिळाला नाही.

दर्यापूरजवळच्या आमच्या घरामागे भाजीचं एक शेडनेट आहे आणि त्याला लागून छोटं पॉलीहाऊस. दोन्हींच्या दारांवर कामांची यादी लावलेली असते. सहाला पडदे वर, साडेसहाला ठिबकच्या नळ्या तपासणे, सातला काकडीचे वेल सुतळीला बांधणे. पुढे चौकोन, काम झालं की खूण. (आमचे हे चहा पिऊनही खूण करतात. चहा यादीत नाही.) जाळीमुळे आत मधमाशी येत नाही, म्हणून तिचंही काम माझ्याकडेच. नर फूल खुडायचं आणि मादी फुलाला टेकवायचं. भोपळ्याच्या वेलाशी मी असं तीन आठवडे केलं, तेव्हा कुठे एक भोपळा धरला. एकच!

"पोराईच्या वक्ताले इतकी फिकीर नाई केली तू," हे म्हणाले.

पण फिकिरीचं कारण होतं. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि त्यांच्या जेवणाला सोळा भाज्या लागतात. पंधरा चालत नाहीत. दरवर्षी त्या थोरल्या जाऊबाई अकोल्याच्या बाजारातून आणतात आणि पुढे वर्षभर ऐकवतात. यंदा मी फोनवर बोलून बसले, "जाऊबाई, मिरचीसुद्धा आनू नका. सोळाच्या सोळा माह्या घरच्या!"

फोन ठेवला आणि त्याच आठवड्यात शेडनेटमधून काकड्या गायब व्हायला लागल्या! आज काकडी, उद्या भोपळा! माझं जेवणातलं लक्षच उडालं. दर तासाला जाऊन भोपळा आहे ना, ते बघून यायचे. शेवटी जेवणाच्या आदल्या दुपारी डोकं चालवलं. भोपळ्याला लाल दोरा गुंडाळला, वर हळदकुंकू माखलं, देठाला दोन लिंबं लटकवली. आमच्याकडे असली वस्तू दिसली की माणूस चप्पल तिथेच सोडून पळतो. चोराची काय बिशाद! यादीत लिहिलं, 'भोपळा: बंदोबस्त', आणि खूण केली. घरात कोणाला सांगितलं नाही. (सगळ्यांना सांगून केला तर तो बंदोबस्त कसला?)

जेवणाच्या दिवशी सकाळी दहापर्यंत पंधरा भाज्या चिरून झाल्या. बाराचा नैवेद्य. सुरी घेऊन मी शेडनेटमध्ये गेले. वेल होता. भोपळा नव्हता! शेजारी आमच्याकडे कामाला येणारी गोदाबाई हात जोडून उभी.

"काकू, भेऊ नका. निपटवलं समदं."

"काय निपटवलं?"

"कोनंतरी करनी केली होती आपल्या शेडनेटमंदी! काल सांजच्याले पायलं अन् चप्पल तिथंच टाकून पळाली. तशीच काकाले बलावलं."

तेवढ्यात हे आले, छाती पुढे काढून. "म्याच नेऊन ठेवला तिठ्यावर. मांगं वळून नाई पायलं! तुले टेन्शन नको म्हून सांगतलं नाई."

"अवो, थे म्या केलं होतं!"

गोदाबाई दोन पावलं मागे सरकली.

"तुमी, काकू? कोनावर?"

"कोनावर नाई वं! काकडीचोरावर!"

गोदाबाईनं एकदम गळा काढला. "तीनच नेल्या म्या, काकू! लेकराईची शपथ, तीनच!"

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "म्या... पाच," असं म्हणून ते बांधावरच बसले आणि स्वतःची नाडी बघायला लागले.

सव्वाअकरा झाले होते. दोन्ही चोरांना तिथेच सोडून मी स्कूटी काढली.

तिठ्यावर जत्रा भरली होती, पण सगळी तीस पावलांवर. मधोमध माझा भोपळा, लिंबांसकट. अंजनगावची जीप त्याला वळसा घालायला गेली आणि चिखलात रुतली होती. तिच्यामागे अकोल्याची गाडी. खिडकीतून जाऊबाई ओरडत होत्या, "सुनंदा, फुडं येऊ नको वं! कोनंतरी उतारा ठेवून राहिलं! डायवर गाडी नाई नेत!"

सोळावी भाजी समोर होती आणि घड्याळ पुढे पळत होतं. मी पदर खोचला, चालत गेले आणि भोपळा उचलला. सगळ्या तिठ्यानं 'आई गं' केलं.

"काही नाई, काही नाई," मी हसून सगळ्यांना सांगितलं, "आमचाच आहे."

ह्या वाक्याचा अर्थ काय होतो, ते मला लोक पांगायला लागल्यावर कळलं. जीपमधले प्रवासी तर उतरून, जीप तशीच चिखलात सोडून निघाले!

घरी जाऊबाईंनी भोपळा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. "उताऱ्याचा भोपळा लक्ष्म्याईच्या ताटात? डोकं फिरलं का तुहं?"

"मंग सोळावी कुठून आनू?" मला रडूच फुटलं. बाराला सात मिनिटं होती.

त्यांनी शांतपणे आपली पिशवी उघडली. आत भोपळ्याची फोड होती. आणि वांगी, भेंडी, दोडकं, गवार... सोळाच्या सोळा!

"तुह्यावर माहा पुरा भरवसा हाये," त्या म्हणाल्या. "म्हून आनल्या."

नैवेद्य वेळेवर झाला. पुढचं वर्षभर काय ऐकायचं, तेही ठरलं.

माझी अब्रू मात्र तिठ्यावरच राहिली. चारच दिवसांनी गल्लीतली एक सासू हळूच आली. भाजी नको होती. सुनेवर काही उपाय आहे का, विचारत होती. मी खडसावून सांगितलं, मला असलं काही येत नाही. ती समजल्यासारखी हसली आणि बसून राहिली. शेवटी ती उठावी म्हणून हातात पॉलीहाऊसमधली एक ढोबळी मिरची दिली. दुसऱ्या दिवशी तिची सून आली. सासूवर उपाय पाहिजे! तिलाही एक मिरची दिली.

दोघींनाही गुण आला म्हणतात. माझ्या घरात मी सांगून काही होत नाही म्हणून मीही एक मिरची खाऊन बघितली. आम्लपित्त झालं.