डावीकडचं बटण

हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनवर आई माझ्या पिशवीत दशम्या कोंबत होती, दादा, म्हणजे माझे वडील, तिसऱ्यांदा तिकीट तपासत होते, आणि माझ्या रुमालाच्या टोकाला एक चोरलेली वस्तू बांधलेली होती. आप्पांच्या रेडिओचं डावीकडचं बटण. घरातून निघताना सगळे रिक्षात सामान चढवत होते, तेवढ्यात पाकीट राहिलं म्हणून मी आत गेले, रेडिओवरचं विणलेलं झाकण बाजूला केलं आणि बटण ओढलं. हलणारी दाढ निघावी तसं ते हातात आलं. त्याच बटणाने रेडिओ लागायचा, त्यानेच आवाज कमीजास्त व्हायचा, आणि बंदही त्यानेच. पुण्याची गाडी हलली तेव्हा आई म्हणाली, "पोचल्याबरोबर पत्र टाक." मी रडत होते, पण मूठ घट्ट आवळलेली होती.

हे सगळं आज लिहिते आहे ते मुग्धामुळे. मुग्धा माझ्या चुलत भावाची मुलगी, आप्पांची नात. परवा तिचा व्हॉइस मेसेज आला. "सुमीआत्या, आप्पाजोबांना नाइंटी होतात ना, त्यांचा ओल्ड रेडिओ रिपेअर करायलाव आम्ही. सगळं झालं, बस एक नॉब मिळत नै. आबिड्समधला मेकॅनिक बी हात टेकला. तुम्हाला काही याद आहे का? आन् एक स्वीट मेमरी लिहून पाठवा हां, मराठीत. मला वाचता येत नै, मम्मी वाचेल सगळ्यांसमोर."

याद आहे, बाळ. चांगलीच याद आहे. तू मागितलीस म्हणून लिहिते. तुझी आई, आमच्या शैलावहिनी, सोलापूरच्या. त्या खणखणीत वाचतील.

तुम्ही जे हैदराबादेत राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून पुण्याला, अमेरिकेला गेलात, त्या सगळ्यांनी घरच्या या व्हॉट्सॲप ग्रुपवर किती गोड गोड लिहिलंय. रेडिओ लागला की पेटणारा त्याचा हिरवा डोळा, बातम्यांच्या वेळी घरभर शांतता, क्रिकेटच्या कॉमेंटरीला गल्लीतली गर्दी. सगळं खरं आहे. फक्त तो रेडिओ कुणाचा होता, हे कुणी लिहिलं नाही. मलकपेठेच्या त्या घरात पुढची खोली आप्पांची, मागच्या दोन आमच्या. आप्पा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर. रेडिओला हात फक्त त्यांचा. आई त्याच्यावरची धूळ पुसायची, त्याचं झाकणही तिनेच विणलं होतं, पण तो लावायची तिची टाप नव्हती. "बाईमाणसाचा आवाज उंबऱ्याच्या आत," असं आप्पा म्हणायचे, आणि ते गमतीने म्हणत नसत.

आई गायची. घरात नव्हे, शेजारच्या खालांकडे. खाला म्हणजे भिंतीपलीकडच्या बाई. त्या आईला लाडाने दुल्हन पाशा, म्हणजे सूनबाई, म्हणत आणि पेटी वाजवत. तिथे बसून आईने एक अंगाई रचली, शब्दही तिचे आणि चालही तिचीच. मला तिने ती मुद्दामच ऐकवली नव्हती, मी ती पहिल्यांदा रेडिओवरच ऐकावी म्हणून. आमच्या रेडिओ केंद्रावर तेव्हा आठवड्यातून एकदा मराठी कार्यक्रम असायचा. तिथे आईची आवाजाची परीक्षा झाली, ती पास झाली आणि तिला गायला बोलावलं. आयुष्यात एकदाच दादांनी आप्पांना न विचारता काही केलं ते हे. रविवारी दुपारी दोघे देवळात जातो म्हणून बाहेर पडले. खरं काय ते मला एकटीला माहीत होतं. मी दहा वर्षांची. मनात लाडू फुटत होते माझ्या.

आप्पा आरामखुर्चीत, मी खाली सतरंजीवर. निवेदिकेने आईचं नाव घेतलं, आमच्या आडनावासकट. तंबोरा दोनदा वाजला. आणि आप्पांचा हात पुढे आला. टक्. हिरवा डोळा मिटला.

"आपल्या घरची बाई पानाच्या ठेल्यावर वाजणार नाही," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे, खोलीत मी एकटीच होते.

पण खालांचा रेडिओ चालू होता. खिडकीतून आईचा आवाज आला. "झोप गं बयो, दारी आली..." एवढंच मी ऐकलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खिडक्या लाव." मी उठले आणि लावल्या. दोन्ही. वरची कडीसुद्धा लावली, स्टुलावर चढून. आप्पा त्या बटणावर हात ठेवून अर्धा तास बसून राहिले.

आई आली तेव्हा तिच्या केसांत मोगरा होता. इतकी देखणी मी तिला कधीच पाहिली नव्हती. तिने काही विचारायच्या आत खालांनी अंगणाच्या भिंतीवरून हाक मारली. "सुमी! आखिर में तेरा नाम लिए ना अम्मी, रेडियो पो! सुनी क्या?"

मी म्हटलं, "हौ, सुनी."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग भर उन्हाळ्याच्या दुपारी लावून घेतलेल्या खिडक्यांकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. ती आत गेली आणि तिने चहाचं आधण ठेवलं. त्यानंतर ती खालांकडेही गायली नाही, आणि केंद्रावर पुन्हा जायचा विषय घरात कुणी काढला नाही.

सगळ्या हैदराबादने माझं नाव ऐकलं. पानवाल्याने ऐकलं, कोपऱ्यावरच्या शिंप्याने ऐकलं. मी नाही ऐकलं, कारण खिडकी मीच लावली होती. आप्पा, तुम्ही रेडिओ बंद केलात ते मी एक वेळ सोडूनही दिलं असतं. खिडकी माझ्या हातून लावून घेतलीत, ते सोडणार नाही.

पुण्यात नोकरीला लागले तेव्हा माझं मराठी ऐकून ऑफिसात हसायचे. मी "नक्को" म्हटलं की टेबलाटेबलांवर नक्कल व्हायची. मी मुद्दाम आणखी म्हणायचे. माझ्या खोलीत मी सगळ्यात आधी आणला तो ट्रान्झिस्टर, आणि तो इतक्या मोठ्याने लावायचे की घरमालकीण दोनदा वर येऊन गेली. अंतर्देशीय पत्रातून आईचा मजकूर यायचा. "रेडिओचं एक बटण हरवलं. आप्पा आता पक्कडीने लावतात." मी ते पत्र किती वेळा वाचलं, सांगत नाही. पुढच्या एका पत्रात, पक्कड निसटून आप्पांच्या बोटाला चिमटा बसला आणि नख काळं पडलं, असं होतं. त्या दिवशी मी शिरा केला, बदाम घालून.

तुम्ही सगळे टीव्ही आला म्हणून हळहळता ना, की रेडिओ मागे पडला? मीही हळहळते, पण वेगळ्या कारणाने. चार-पाच वर्षांत आप्पांनी टीव्ही घेतला, रेडिओ कपाटावर चढला आणि पक्कड अवजारांच्या डब्यात परत गेली. माझा सूड असा अर्ध्यावर राहिला.

दादा गेल्यावर आईला मी पुण्याला आणलं. एकदा माझ्या शिवणाच्या डब्यात तिला ते बटण सापडलं. आधी ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने पुसून म्हणाली, "पाठवून दे गं. म्हातारा झाला तो माणूस." मी म्हटलं, "तू ती अंगाई म्हण, उद्याच पाठवते." तिने बटण परत डब्यात ठेवलं. मग म्हणाली, "गळा गेला माझा. शब्दही गेले." ती गेली तोवर मी आणखी तीनदा विचारलं. बटण डब्यातच राहिलं. दारी कोण आली, आणि शेवटी माझं नाव कसं आलं, हे आता सांगणारं कुणी उरलं नाही. खालाही गेल्या.

मुग्धा विचारते, "आत्या, घरी कधी येता?" कुठल्या घरी? मलकपेठेचं घर पाडून तिथे अपार्टमेंट उभं राहिलं, आप्पा दुसऱ्या मजल्यावर असतात. पुण्याचा फ्लॅट माझ्या नावावर आहे, पण तिथे मी अजून "हैदराबादच्या मॅडम"च आहे. मला घर म्हटलं की अंगाईचे ते चारपाच शब्द आठवतात, आणि त्यांच्यापुढे कडीचा आवाज. तिथून पुढे मला जाताच आलेलं नाही.

तेव्हा वहिनी, ऐका. आप्पांना आता दिसत नाही, पण कान शाबूत आहेत असं मुग्धा म्हणते. फार बरं झालं. हे सगळ्यांसमोर वाचाल तेव्हा आधी एसी बंद करा आणि खिडक्या उघडा, सगळ्या. खालचा वॉचमन, समोरचा मेडिकलवाला, ज्याला ऐकू जाईल त्याला जाऊ दे. आप्पांनी हात वर केला तरी थांबू नका. त्या घरात आईच्या गाण्यानंतरचं निवेदिकेचं एक वाक्य ऐकायचं राहिलं आहे, ते शेवटी दोनदा वाचा: आत्ताच आपण अंगाई ऐकलीत, गायिका होत्या सौ. मालती, आडनावासकट.

आणि मुग्धा, नॉब शोधू नकोस. आप्पा, तुम्हीही हात पुढे करू नका. बंद करायचं बटण माझ्याकडे आहे.