डोंगराची पाठ

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. तोंडात नवी कवळी, आणि त्या तोंडाला कुलूप नाही.

सगळं त्या तोंडामुळेच झालं. कवळी बसवणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दादरला, फुलबाजाराजवळ. त्यांच्या खिडकीत अर्ध्या अंगठ्याएवढे शिपाई उभे असत. एकेकाच्या कोटाला बटणं रंगवलेली. दात कोरायच्या आकडीनं रंगवतात म्हणे. मी विचारलं, "मुलांचे का?"

"नाही काका, माझे. आम्ही सहा-सात जण रविवारी खेळतो. टेबलावर डोंगर, गाव मांडायचं, समोरासमोर दोघांच्या फौजा. पट्टीनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे, लढाई करायची."

बाई पंचेचाळीसच्या. मी म्हटलं, बरं आहे.

"फक्त डोंगर चांगला मिळत नाही हो," त्या म्हणाल्या.

कवळी नीट बसायच्या आत मी बोलून गेलो, "डोंगर? अहो, लालबागमध्ये चाळीस वर्षं गणपतीचे देखावे केलेत मी. बारा फुटांचा कैलास केलाय. लोक हात देवाला जोडायचे आणि बघायचे डोंगराकडे!"

हे शेवटचं माझं मीच ठरवलेलं होतं. खरं असं, की दोन वर्षांपूर्वी मंडळानं शाल-श्रीफळ देऊन मला घरी बसवलं. आता मूर्तीमागे मोठा टीव्हीसारखा पडदा लावतात. त्यातला डोंगर हलतोसुद्धा. माझा कधी हलला नाही. एकदा पडला, तेवढाच.

शाळा म्हणाल तर चौथी, तीही अर्धी. मंडळातल्या पाट्या दुसरा रंगवायचा. मला म्हणायचे, "तू अक्षरांत पडू नकोस, डोंगर बघ." मग डोंगरच गेला तर माझ्याकडे राहिलं काय? म्हणून बाई जेव्हा म्हणाल्या, "हा डोंगर जमला ना काका, तर आमचं सगळं तुम्हीच करा, गाव, पूल, पडक्या भिंती," तेव्हा कवळी टोचत असूनही मी दादरहून लालबागपर्यंत हसत चालत आलो. लोकांनी वाट दिली. वेडा समजले असतील.

निघताना बाईंनी सांगायला सुरुवात केली होती, "एवढं लक्षात ठेवा काका, टेबलाच्या दोन्ही बाजूंनी..."

मी हात वर केला. "डॉक्टरीणबाई, दात तुम्ही बघा. डोंगर मी बघतो."

दुसऱ्याचं तोंड बंद करण्यात मी पहिल्यापासून हुशार.

तीन आठवडे खपलो. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, बांबूच्या चिपा, मैद्याच्या खळीत भिजवलेला पेपर. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून गवत केलं. माती पाहिजे तशी दिसेना, म्हणून चहाचा चोथा वाळवून पेरला. बायको गॅलरीतून ओरडली, "चायचो चोथो खंय गेलो? माझ्या तुळशीक काय घालू?"

"डोंगराला घातला."

"तुळशीक तरी पाना येतत. डोंगराक काय येतला?"

कलाकाराला घरात मान नसतो, असं मनात म्हणून घेतलं. डोंगराला शिपाई उभे राहतील अशा पायऱ्या केल्या, वर पडका बुरूज, त्याच्या फटीत शेवाळ. स्वतःच दोन पावलं मागे सरून बघितलं आणि स्वतःच मान हलवली.

रविवारी दादरच्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये डोंगर टेबलाच्या मधोमध ठेवला. बाईंच्या बाजूनं बघणाऱ्यांनी "वा काका!" केलं. एकानं फोटो काढला. मी कुठेतरी दुसरीकडे बघत उभा राहिलो. मान मिळताना तसंच उभं राहायचं असतं.

बाईंसमोर खेळणारे बँकेतले साहेब होते. ते पलीकडे आपल्या जागेवर जाऊन बसले, आणि वाकून डोंगराकडे बघितलं. मग म्हणाले, "काका, माझी फौज फ्रिजवर चाल करून जाणार का?"

सगळे पलीकडे गेले. मीही गेलो. डोंगराला मागची बाजूच नव्हती. उभा नागडा पुठ्ठा, खळीचे ओघळ, बांबूच्या चिपा, आणि खोक्यावर छापलेली छत्री, काचेचा ग्लास, वर दाखवणारा बाण.

मी म्हटलं, "गणपतीच्या मागे जाऊन कोण दर्शन घेतं का, साहेब?"

"आम्ही भक्त नाही काका, शत्रू आहोत. शत्रू मागूनच येतो."

हॉल हसला. माझे कान तापले. "मी एकदा केलेल्या कामाला पुन्हा हात लावत नाही," मी सांगून टाकलं. "बघायचा तर पुढून बघा!" आणि चपला शोधायला गेलो. पण मला सोडून त्या कोणालाही सापडल्या असत्या, कारण त्या माझ्या पायातच होत्या.

तोवर बाई उठल्या. साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही माझ्या जागेवर या. इथे मी बसते."

"अहो, डोंगर तुमचा. तुम्ही पुढे बसा."

"मी करायला सांगितला ना? मग पाठ माझ्याकडे."

आता जाणार कुठे? स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसलो. चाळीस वर्षांत देखाव्याच्या मागे मी गेलो तो बिडी ओढायला. बघायला कधी नाही.

साहेबांची फौज माझ्या पायऱ्यांवरून लग्नाला निघाल्यासारखी वर चढली. बाईंचे शिपाई उभ्या पुठ्ठ्यावर टेकेनात. ठेवला की घसरायचा. बटणं रंगवलेले ते शिपाई त्या एकेक करून उचलत होत्या. मध्येच वाकून त्यांनी पुठ्ठ्यावर पेन्सिलनं लिहिलेलं वाचलं. "काका, हे काय? डोगर?"

"डोंगर. कुठला तुकडा कुठे लावायचा ते कळावं म्हणून. घाईत लिहिलं."

घाई कसली? जन्मभर तसंच लिहीत आलो.

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. शेवटी त्या हरल्या. माझ्या डोंगरानं माझ्याच माणसाला हरवलं. आवरताना त्यांनी एवढंच विचारलं, "पुढच्या रविवारी हाच मांडू ना, काका?"

मी म्हटलं, "बघू."

टॅक्सीत डोंगर मांडीवर घेऊन बसलो. ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "चाचा, फ्रिज लिया क्या?" मी लालबाग येईपर्यंत तोंड उघडलं नाही. कवळीला तेवढाच आराम.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला आणि मी बायकोकडे चोथा मागितला. न विचारता घेतला नाही, मागितला. तिनं माझ्याकडे बघितलं, अर्धा तुळशीला ठेवला, अर्धा दिला. डोंगर खिडकीत ठेवला, पाठ माझ्याकडे करून. पुट्टी कालवली. मग पेन्सिल घेतली, 'डोगर'मधल्या 'डो'वर टिंब दिलं, आणि त्यावर पुट्टीचा पहिला हात मारला.